तिबूला गेलेला पाऊस

कुइलतेंगा गावच्या गोआमा सावादोगोच्या आडनावाचा अर्थच मुळी ढग. पावसाला बोलावण्याचं काम त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. गावामागच्या टेकडीवर एक काळा दगड आहे. तिथं जायचं, काळी कोंबडी कापायची, पूर्वजांच्या कानावर दोन शब्द घालायचे आणि खाली येऊन वाट बघायची. पाऊस आला तर गाव म्हणे, सावादोगोंच्या हाताला गुण आहे. नाही आला तर म्हणे, गावात कुणीतरी पाप केलंय. ही सोय जुनी होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मग सरकारचं विमान आलं.

विमानाआधी त्याचा माणूस आला, मोटारसायकलवर, डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीनं माखलेला. तोए त्याचं नाव. कडुनिंबाखाली गाव जमवून तो म्हणाला, "विमान पाऊस पाडत नाही, हे आधी समजून घ्या. आभाळात जो ढग आधीच आहे, त्याच्या पोटात ते मीठ सोडतं. ढगाला फक्त हातभार लागतो."

"आणि ढगच नसला तर?" रासमानेनं विचारलं. गावातलं सगळ्यात मोठं शेत रासमानेचं आणि आवाजही त्याचाच मोठा.

"तर विमान उडत नाही."

"म्हणजे माझ्या कोंबडीसारखंच झालं," गोआमा म्हणाला. "तुमची जरा मोठी आहे एवढंच."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं तोए हसला. गोआमानं त्याला निरखून बघितलं आणि विचारलं, "कुठला रे तू?"

"सामो आहे मी."

"तरीच! सकाळपासून गावातली कुत्री कुठं दडून बसलीत, तेच मला कळेना."

आता गोआमाच्या गावचे मोस्सी आणि तोएचे सामो या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. रस्त्यात भेटले तरी आधी एकमेकांना शिव्या, मग रामराम. सामो कुत्र्याचं डोकं खातात असं मोस्सींनी म्हणायचं, मोस्सी आमचे गुलाम असं सामोंनी म्हणायचं, आणि राग कुणी धरायचा नाही. राग धरला तर आजे-पणजे कोपतात.

"गुलामा, तोंड सांभाळ," तोए म्हणाला. "तुझ्या आजाला माझ्या आजानं विकत घेतलं ते एका शेपटीच्या बदल्यात. डोकं देण्याइतकी त्याची लायकी नव्हती."

"दिलं नाही, कारण आधीच खाऊन बसला होता."

झालं, दोघांची गट्टी जमली. राजधानीतलं ढग बघायचं यंत्र नादुरुस्त होतं, म्हणून हवामान खात्याला गावोगाव माणूस हवा होता. मोठा ढग उठला की त्यानं फोन करायचा. आकाशाकडे सगळ्यात जास्त वेळ कोण बघत असतं, असं तोएनं विचारलं तेव्हा सगळ्या गावानं गोआमाकडे बोट केलं.

"तेवढंच जमिनीकडे बघितलं असतं, तर माझं कुंपण तरी उभं राहिलं असतं," त्याची बायको तालातो म्हणाली. ती दोलो, म्हणजे ज्वारीची दारू, गाळून बाजारात विकायची. घर तिच्यावर चालायचं आणि पाऊस गोआमावर.

अशा रीतीनं सरकारी फोन गोआमाच्या झग्याच्या खिशात आला. गावात फोनला आवाज मिळायचा तो एकाच ठिकाणी, रासमानेच्या शेताच्या बांधावरच्या वारुळावर. वर चढून एक हात शीआच्या झाडाच्या फांदीला धरायचा आणि तोंड पूर्वेकडे करायचं.

पेरणी त्या वर्षी वेळेवर झाली. बाजरी वीतभर वर आली आणि पावसानं पाठ फिरवली. पानं आधी दुपारची मिटायची, मग सकाळीही उघडेनाशी झाली. बायका पाण्याला लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. मशिदीत इमामानं दुआ मागितली. चर्चच्या मास्तरानं मेणबत्त्या लावल्या. गोआमानं टेकडीवर कोंबडी कापली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कापली, आणि तालातो म्हणाली, "काळ्या संपल्या. आता ठिपक्यांची राहिलीय."

"ठिपके काळे आहेत ना?"

"काळेच आहेत."

"मग चालेल."

ती ठिपक्यांची कोंबडी कापली त्याच दिवशी ढग उठला. दुपार कलली होती. पूर्वेला आधी मातीसारखी लाली चढली, तिच्यामागून निळसर काळा डोंगर वर येऊ लागला. गोआमानं सुरी पुसली, टेकडी उतरला आणि तडक वारुळावर जाऊन फोन लावला. कुठलाच मार्ग सोडायचा नाही, असं त्याचं मत होतं.

"केवढा आहे?" पलीकडून तोएनं विचारलं.

"तुझ्या आईच्या हंडीएवढा. लवकर पाठव."

"कळवतो," तोए म्हणाला.

वारा सुटला. पोरं ओरडत अंगणात धावली. बायकांनी हंडे, परातीच काय, दोलोची मडकीही बाहेर काढली. ढग टेकडीपर्यंत आला, जरा थांबल्यासारखा झाला आणि दक्षिणेला वळला. वारुळावर उभा राहून गोआमा बघत राहिला. तिकडे तिबू गाव होतं. तिबूवर काळा पडदा उतरला आणि अंधार होईस्तोवर उतरतच राहिला. कुइलतेंगात चार थेंब पडले. त्यातले दोन रासमानेच्या टोपीवर पडले, असं तो पुढं कित्येक दिवस सांगत होता.

रात्रभर तिबूच्या तळ्यातले बेडूक इथवर ऐकू आले. सकाळी गाव उठलं ते एकमेकांची तोंडं न बघता.

आणि मग कुणाला तरी आठवलं, की गोआमाची लेक तिबूला दिलीय.

तोए दुसऱ्या दिवशी आला. त्यानं गावात न शिरता गोआमाला शेताकडे बोलावलं. मोटारसायकल झाडाला टेकवून तो बराच वेळ हातमोजे काढत बसला.

"म्हातारबा, एक सांगायचंय. विमान उडालंच नाही."

"म्हणजे?"

"इंधनाचं पिंप आलं होतं. पण त्याचं बूच उघडायचा पाना दुसऱ्या विमानतळावर राहिला. तो आणायला गाडी गेली, तोवर ढग संपला."

गोआमानं तिबूकडे बघितलं. "मग तिबूला पाऊस पडला कसा?"

"पडला. पडतो कधीकधी."

"हे माझ्याशी बोललास ते बोललास, गावात बोलू नकोस."

"मी खरं तेच सांगणार. तुझ्यावर आळ घेतायत असं ऐकलं वाटेत."

"तुझं खरं त्यांच्या कामाचं नाही रे, कुत्रखाऊ. रासमानेनं विमान डोळ्यांनी बघितलंय. आतल्या माणसाची पांढरी टोपीसुद्धा बघितलीय."

न्याय नाबाच्या अंगणात बसला. नाबा म्हणजे गावचा राजा. गादीवर येण्याआधी तो दूर आबिजान शहरात शिंप्याचं काम करायचा, आणि अजूनही मापाचा टेप गळ्यात घातल्याशिवाय त्याला नीट ऐकू येत नसे. लोक गुडघ्यांवर बसले, जमिनीला कोपरं टेकून मुजरा केला. गोआमाला मध्ये बसवलं. तालातो बायकांच्या बाजूला बसली, हात मांडीवर घट्ट आवळून.

रासमाने उभा राहिला. "नाबा, मी खोटं बोलत नाही. ढग आमच्या डोक्यावर आला होता. आमचाच होता तो. हा वारुळावर चढला, फोनमध्ये काहीतरी बोलला आणि ढग वळला. कुठं वळला? जिथं ह्याची लेक नांदते तिथं! तिच्या सासऱ्याची बाजरी आज कमरेला लागतेय, आणि माझी? माझी शेळ्यासुद्धा खाईनात."

"एका दिवसात कमरेला?" नाबानं विचारलं.

"लागेल की."

तोए पुढं झाला. "नाबा, मला बोलू द्या. विमान त्या दिवशी उडालंच नाही."

सगळे हसले. "बघा, सामो आपल्या गुलामाला वाचवतोय," कुणीतरी म्हणालं. रासमानेनं विमानाचा रंग सांगितला. आणखी दोघांना त्याचा आवाज आठवला. एक म्हातारी म्हणाली, ते इतकं खालून गेलं की तिच्या गिनी कोंबड्या अजून अंडी देत नाहीत. तोए आपल्या जागेवर जाऊन बसला.

नाबानं टेप दोन्ही हातांनी धरला. "सावादोगो, एवढंच सांग. ढग तुझ्या हातात आहे की नाही?"

गोआमाची आता इकडे आड तिकडे विहीर झाली. नाही म्हणावं, तर सुटका होती. पण मग त्याचा बाप, आजा, पणजा इतकी वर्षं टेकडीवर काय करत होते? बापानं मोठ्या दुष्काळात दगडापाशी उपास काढले होते. उतरला तेव्हा त्याला दोघांनी धरून आणावं लागलं होतं. उद्यापासून गावानं फक्त विमानाकडे बघायचं, आणि विमानाला पाना सापडत नाही. आहे म्हणावं, तर चोर ठरत होता.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. लेकीशी तो बरीच वर्षं बोलला नव्हता. लामुसाला राजधानीत जाऊन शिवण शिकायचं होतं, त्यानं ते न ऐकता तिला तिबूला दिली. निघताना ती पाया पडली नाही आणि त्यानंही आशीर्वादाचं पाणी शिंपडलं नाही. तिबू हाकेच्या अंतरावर, पण तो तिकडे फिरकला नव्हता. त्या दुपारी वारुळावरून ढग वळताना त्यानं बघितला. ओरडायला हवं होतं, पूर्वजांना हाका मारायला हव्या होत्या. पण त्याच्या मनात आलं ते भलतंच. जाऊ दे, तिचे हंडे तरी भरतील. एवढंच आलं, पण आलं.

"आहे," गोआमा म्हणाला.

"मग तिबूला पाऊस कुणी धाडला?"

"मी."

रासमानेचं तोंड उघडंच राहिलं. त्याला वाद घालायचा होता आणि समोरच्यानं कबूल करून टाकलं होतं. तालातोनं डोळे मिटून घेतले.

मग एकच गलका उडाला. टेकडीवरची सुरी काढून घ्या, कुणी म्हणालं. गावाबाहेर काढा, कुणी म्हणालं. रासमाने सावरला आणि ओरडला, "पाऊस तिबूला दिला ना? मग माणूसही तिबूला द्या! राहू दे लेकीच्या दारात!"

नाबा म्हणाला, "पावसाच्या चोरीची शिक्षा माझ्या बापानं कधी बेतली नाही. मापच नाही माझ्याकडे. जेवून येतो, मग सांगतो."

तो उठला. पण अंगणातून आत जायला एकच दरवाजा, आणि त्या दरवाज्यात तोए आडवा पडला होता. उंबऱ्यावर डोकं, पाय अंगणात, हात छातीवर, जणू काही पुरायलाच आणलाय.

"हे काय?" नाबानं विचारलं.

"मेलोय मी," तोए म्हणाला. "माझ्या गुलामाला सोडेपर्यंत उठणार नाही."

अंगणातला आवाज ओसरला. सामोनं असं लोळण घेऊन मोस्सीकडे काही मागितलं, की नाही म्हणता येत नाही. ओलांडून तर जाताच येत नाही. जो ओलांडेल त्याच्या घरी काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणीच सांगत नव्हतं.

"ऊठ रे," नाबा म्हणाला. "हा न्याय आहे, लग्न नाही."

"मोस्सींना कधी न्याय करता आलाय? गुलाम माझा. तो चोर निघाला तर नाक माझं कापलं जातं. त्याला हाकलायचा असेल तर मी हाकलीन, माझ्या वेळेनं."

"ऊन लागेल तुला."

"मेलेल्याला लागत नाही."

आतून नाबाच्या धाकट्या बायकोनं सागबोचा, म्हणजे शिजवलेल्या बाजरीच्या पिठाचा, गोळा आणि भेंडीचं कालवण ओसरीवर आणून ठेवलं. सगळ्यांना दिसत होतं. वाफ हळूहळू कमी झाली. भेंडीवर साय धरू लागली. नाबा उभा होता, बसला, पुन्हा उभा राहिला. रासमानेनं तोएला बाजूला ओढावं म्हणून एक पाऊल टाकलं आणि त्याच्या स्वतःच्या आईनं त्याचा झगा मागून धरला. "तुला मुलं आहेत," ती एवढंच म्हणाली.

गोआमा मातीत बसून हे बघत होता. त्याला हसू येत होतं. ते दाबताना त्याला ठसका लागला.

शेवटी नाबा म्हणाला, "सोडला. सुरी त्याच्याचकडे राहील. ऊठ आता, कुत्रखाऊ."

"आणि कुत्र्याचं डोकं?"

"देतो."

"आधी दाखव."

"ऊठ म्हणतो ना!"

तोए उठला, कपडे झटकले आणि नाबाला वाट करून दिली. वर त्याच्याच ताटात जेवायला बसला. सामोला तेही नाकारता येत नाही.

गोष्ट इथं मिटली असती. पण गोआमानं गुन्हा कबूल केल्याची बातमी बाजारातून तिबूला पोचली, आणि तिथं तिचा वेगळाच अर्थ लागला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिबूची माणसं रांगेनं गोआमाच्या दारात आली. पुढं लामुसाचा सासरा, पांढरा कोंबडा दोन्ही हातांत धरून. मागे गिनी कोंबड्या, कोलाच्या बियांची टोपली, दोलोची घागर. ती दोलो तालातोकडूनच विकत घेतलेली होती, पण ते कुणी बोललं नाही.

"आम्हाला माहीत नव्हतं," सासरा म्हणाला. "आम्हाला वाटलं, पाऊस आपला आपण आला. तुम्ही सगळ्या गावासमोर सांगितलंत तेव्हा कळलं. आमच्या नाबाचा निरोप आहे, पाऊस तुमचा, तर त्यात तुमचा वाटा. तळ्याखालची जमीन ओली पडून आहे. कुइलतेंगाच्या माणसांनी यावं आणि यंदापुरती पेरावी."

नाही म्हणावं तर गावाचं नुकसान, हो म्हणावं तर चोरीचा माल पचवल्यासारखं. त्यानं कोंबडा घेतला.

कुंपणाबाहेर अर्धं गाव ऐकत उभं होतं. सगळ्यांत आधी रासमानेचा आवाज आला. "जमीन चिकणमातीची आहे की वाळूची?"

बाजरीला उशीर झाला होता, म्हणून लोकांनी चवळी आणि तीळ पेरले. रोज सकाळी कुदळी खांद्यावर टाकून कुइलतेंगाची माणसं तिबूला जायची. रासमानेच्या वाट्याला गोआमाच्या शेजारचा तुकडा आला. त्यानं पहिले काही दिवस गोआमाकडे पाठ करून खुरपणी केली. मग उलट दिशेनं खुरपताना दोघं समोरासमोर आले आणि रासमाने म्हणाला, "जरा आधी सांगितलं असतंस तर मी बाजरी इकडेच पेरली असती." गोआमानं मान डोलावली. पुढे कुइलतेंगावरही पाऊस पडला, बेताचाच; तो मागितल्याचं गोआमाला काही आठवत नव्हतं. विमान तेवढा हंगाम उडालं, म्हणजे जेव्हा उडालं तेव्हा. फोन तोए परत घेऊन गेला. जाताना वारुळावर चढून त्यानं गोआमाला त्याच फोनवरून शिव्या दिल्या, समोरासमोर.

लामुसा पहिल्या खुरपणीला शेतात आली. तिच्या डोक्यावर बाजरीच्या पिठाच्या आंबट-गोड पाण्याचा घडा होता आणि पाठीवर एक मूल, जे गोआमानं कधी बघितलं नव्हतं. तिनं सगळ्यांना दिलं, बापाला शेवटी दिलं. प्यायचा भोपळ्याचा तुंबडा त्याच्या हातात ठेवून ती निघून गेली नाही.

"बाबा, लोक म्हणतात ते खरं का? माझ्यासाठी पाठवला होता?"

गोआमा प्यायला. सावकाश प्यायला.

"कोंबडी गावासाठी कापली होती," तो म्हणाला. "ढग वळला तेव्हा मात्र मी गप्प बसलो."

"बोलला असतात तर थांबला असता?"

"ते मला माहीत नाही."

पाठीवरचं मूल तिनं वर सरकवलं. "आमची मागची भिंत पडली त्या पावसात. आणि सासूबाईंची शेळी वाहून गेली."

"किती पडावं ते माझ्या हातात नव्हतं, पोरी."

"भिंत तुम्ही बांधून द्याल?"

"देईन की."

तिनं तुंबडा परत घेतला, बघितलं तर तळाला थोडं राहिलं होतं. तिनं ते मुलाला पाजलं, मग मूल सोडून बापाच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरा घडा आणायला गेली. रासमाने पलीकडून ओरडत होता, की त्याच्या ओळीला अजून कुणी पाणी आणलेलं नाही. मुलानं गोआमाची दाढी मुठीत धरली आणि ती सुटेपर्यंत गोआमाला खुरपणी थांबवावी लागली.